कीटकशास्त्रज्ञांसोबत पाणथळीत उतरताना

प्रश्न : आमचं गाव निफाड तालुक्यात, नांदूर मध्यमेश्वरच्या जवळ आहे. यंदा पावसाळ्यानंतर संशोधकांचा एक गट पाणथळीतल्या कीटकांचा, मुख्यतः चतुर आणि पाणकिड्यांचा अभ्यास करायला येणार आहे. त्यांना स्थानिक मदतनीस हवे आहेत. कीटकांची नावं मला येत नाहीत, पण परिसर चांगला माहीत आहे. काय शिकून ठेवावं, बरोबर काय न्यावं, आणि नेमकं काम काय असतं?

उत्तर : नावं येत नाहीत याची काळजी सोडा. नावं शेवटी प्रयोगशाळेत, सूक्ष्मदर्शकाखाली ठरतात. तिथे बसलेल्या माणसाला जे कधीच कळू शकत नाही ते तुमच्याकडे आहे : कुठल्या दिवशी, कुठल्या काठावर, किती वेळ शोधलं, आणि तेव्हा आजूबाजूला काय चाललं होतं. ही नोंद नीट असेल तर अनोळखी किड्याचं नाव दहा वर्षांनीही लावता येतं. नोंद नसेल तर दुर्मीळ किडाही बाटलीतला कचरा ठरतो.

आधी परवानगीचं. नांदूर मध्यमेश्वर अभयारण्य आहे, आणि जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालेलं राज्यातलं पहिलं रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २८ खाली अभ्यासासाठी प्रवेशाचा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांकडून घ्यावा लागतो. या कायद्याच्या ‘प्राणी’ या व्याख्येत कीटकही येतात. त्यामुळे ‘किडाच तर आहे’ म्हणून एकही नमुना खिशात टाकता येत नाही. परवान्यात किंवा त्याच्या जोडपत्रात तुमचं नाव आहे ना, ते संशोधकांना स्पष्ट विचारा. पाण्यावर जाताना त्याची प्रत आणि स्वतःचं ओळखपत्र जवळ ठेवा. वनरक्षकाला आदल्या दिवशी फोन केलेला असला की पुढची निम्मी कटकट वाचते.

आता तुमच्या मुख्य कामाकडे वळू. बाहेरून येणारा संशोधक महिन्यातून दोन-तीन दिवस येतो. मधल्या दिवसांत पाणथळीत काय घडलं, ते त्याला दिसत नाही. म्हणून आजपासूनच एक साधी रोजनिशी सुरू करा आणि तिच्यात चार गोष्टी लिहीत जा.

पहिली, पाण्याची पातळी. वरच्या गंगापूर, दारणा धरणांतून पाणी सुटलं की बंधाऱ्यामागची पातळी बदलते. पुढे जायकवाडीकडे विसर्ग सुरू असताना तर काठ एका दिवसात दुसरीकडे सरकतो. काठाच्या उथळ पाण्यात, गवतात वाढणाऱ्या अळ्यांसाठी ही उलथापालथ असते. ‘गेल्या वेळी इथे चाळीस अळ्या मिळाल्या, आज तीनच का?’ याचं उत्तर बऱ्याचदा क्युसेकच्या आकड्यात असतं. एखाद्या खांबावर रंगाने सेंटिमीटरच्या खुणा करायची परवानगी मिळाली तर उत्तमच. नाही मिळाली, तर ठरलेल्या पायरीवरून किंवा दगडावरून रोज एकाच जागी मोजा. कालव्याचं आवर्तन कधी सुरू झालं आणि कधी बंद झालं, तेही लिहा.

दुसरी, फवारणी. निफाड म्हणजे द्राक्षाचा पट्टा. ऑक्टोबर छाटणीनंतर बागांमध्ये फवारण्यांचा धडाका लागतो. पाऊस झाला की त्यातलं काही ओघळातून पाण्यात येतं. कुठल्या बाजूच्या बागांत कधी फवारणी झाली आणि शक्य असेल तर कशाची, एवढं टिपा. शेतकऱ्याचं नाव लिहू नका, शेताच्या गटाची दिशा आणि काठापासूनचं अंतर पुरे. इथे गाववाल्यांशी तुमचं नातं कामाला येतं. तेच नातं बिघडू नये म्हणून ही माहिती कोण वापरणार आणि कशी छापली जाणार, ते आधीच ठरवून घ्या.

तिसरी, जलपर्णी. ती किती पसरली, कधी काढली, काढून कुठे टाकली. जलपर्णीच्या पानांवर दोन-तीन मिलिमीटरचे, खरवडल्यासारखे फिकट ठिपके दिसले तर ते निओकेटिना भुंगेऱ्याचं खाणं असू शकतं. जलपर्णी आटोक्यात आणण्यासाठी हे भुंगेरे भारतात १९८०च्या दशकात बाहेरून आणून सोडले गेले. दहा पानं तोडून प्रत्येकावरचे ठिपके मोजले की चांगली नोंद होते, आणि त्याला वेळही फारसा लागत नाही.

चौथी, मासेमारी, म्हशी आणि पर्यटक. कुठला काठ कधी तुडवला गेला, याच्या दोन ओळी.

चतुरांच्या गणनेत सहसा ठरलेल्या मार्गावरून चालत मोजतात. समजा काठाकाठाने १०० मीटरचे पाच तुकडे आखले आणि पट्ट्याची रुंदी ५ मीटर ठरली. मिनिटाला १० ते १५ मीटर या वेगाने चालायचं, म्हणजे एका तुकड्याला सात ते दहा मिनिटं. पट्ट्याच्या बाहेरचा चतुर कितीही देखणा असला तरी मोजायचा नाही, आणि मागून येऊन पुढे गेलेलाही नाही. दोघं असाल तर एकाने फक्त बघायचं आणि बोलायचं, दुसऱ्याने फक्त लिहायचं. एकच माणूस दोन्ही करायला लागला की वहीत मान घातलेल्या वेळात टाचण्या, म्हणजे चतुरांचे काडीसारखे बारीक भाऊबंद, निसटतात, आणि नेमक्या लहान जाती कमी मोजल्या जातात.

वेळ सकाळी साडेनऊ-दहा ते दुपारी एक. त्याआधी अंग तापलेलं नसल्याने चतुर गवतात बसून असतात, भर दुपारी पुन्हा सावलीत जातात. ढग दाटले की गणना थांबवा. वाऱ्याने झाडांच्या बारीक फांद्या सतत हलत असतील आणि धूळ उडत असेल, म्हणजे वाऱ्याच्या ब्युफोर्ट मापात ४ किंवा जास्त, तरीही थांबा. अशा हवेत ‘चतुर कमी दिसले’ याचा अर्थ चतुर कमी आहेत असा होत नाही. पण थांबलात हे लिहा, आणि का थांबलात तेही लिहा.

शून्याची नोंद हा सगळ्यात जास्त चुकणारा भाग. एखाद्या तुकड्यात काहीच दिसलं नाही की लोक तो रकाना कोरा सोडतात. कोऱ्या रकान्यावरून बघितलं आणि नव्हतं, की बघायलाच गेलो नाही, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. पूर्ण चालून काही दिसलं नाही तर ०, आणि चाललोच नाही तर आडवी रेघ. हा फरक पहिल्या दिवशीच पक्का करा.

ओळखण्याची सुरुवात मोजक्या जातींपासून करा. बसल्यावर पंख पसरून ठेवतो तो चतुर, काडीसारखं अंग आणि बहुधा मिटलेले पंख ती टाचणी. काठाच्या गवतात हमखास दिसणारी पिवळट टाचणी म्हणजे सेरियाग्रियॉन कोरोमांडेलियानम. हिरवट-काळ्या पट्ट्यांचा, कमरेत बारीक, दुसरे चतुर पकडून खाणारा तो ऑर्थेट्रम सबिना. घाण पाण्याच्या काठीही मोठ्या संख्येने दिसणारा नारिंगी पंखांचा ब्रॅकिथेमिस कंटॅमिनाटा. पाण्यातून वर आलेल्या काटकीच्या टोकावर बसणारा मोठा काळा-पिवळा इक्टिनोगोम्फस रॅपॅक्स. लाल भडक क्रोकोथेमिस सर्विलिया. यांपैकी शेवटच्याने लोक फसतात, कारण लाल असतो तो वयात आलेला नर. मादी आणि कोवळा नर पिवळसर. इश्नुरा सेनेगालेन्सिस या टाचणीची काही मादी नरासारखी निळी असते, काही नारिंगी. रंगावरून खात्री होत नसेल तर ‘इश्नुरा, जात अनिश्चित’ लिहा. संशोधकाला चुकीच्या नावापेक्षा हे शंभरदा चालतं.

फोटो काढताना एक देखणा फोटो पुरत नाही. बाजूने एक, वरून एक, आणि पोटाच्या टोकाचा जवळून एक. नराच्या टोकाला असलेले चिमट्यासारखे अवयव आणि पोटाच्या दुसऱ्या-तिसऱ्या खंडाखालचा भाग यांवरून जाती वेगळ्या करतात. निळ्या स्यूडाग्रियॉन टाचण्यांत तर बऱ्याचदा दुसरा मार्गच नसतो.

हातात घ्यायची वेळ आलीच तर चारही पंख पाठीवर एकत्र मिटवून अंगठा आणि तर्जनीत धरा. पाय किंवा शेपूट धरू नका. काचेसारखे चकाकणारे पंख आणि मऊ, फिकट अंग असलेला चतुर नुकताच बाहेर आलेला असतो. तो पकडूच नका. पंख एकदा चुरगळले की तो मेलाच. जाळ्याचं कडं ३८ ते ४५ सेंमी व्यासाचं, आणि पिशवी व्यासाच्या दुप्पट तरी खोल हवी. फटका मागून मारायचा आणि लगेच मनगट वळवून पिशवी कड्यावर पालथी टाकायची. पिशवी आखूड असेल तर ती पालथी पडत नाही आणि चतुर सरळ बाहेर जातो. उडत्या किड्यांसाठी ओलं जाळं वापरू नका, पंख चिकटतात.

उडणारा चतुर दिसला म्हणून तो याच पाण्यात वाढला असं नाही. पँटाला फ्लॅव्हेसेन्स हा पिवळट चतुर पावसाळ्यात थव्यांनी शेतांवर घिरट्या घालतो. तो अफाट स्थलांतर करतो, हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेपर्यंत जातो असं मानलं जातं. जात इथे प्रजनन करते याचा भक्कम पुरावा म्हणजे कात. अळी पाण्याबाहेर चढते, पाठीवर चीर पडते, चतुर निघून जातो आणि तपकिरी, पोकळ कात देठाला चिकटून राहते. पाणकणसाच्या आणि लव्हाळ्याच्या देठांवर, पुलाच्या खांबांवर, बंधाऱ्याच्या दगडांवर पाण्यापासून हात-दीड हात उंचीपर्यंत सकाळी शोधा. वारा-पाऊस आला की काती गळून जातात, म्हणून ठरलेल्या १० मीटर काठावर दर दोन-तीन दिवसांनी सगळ्या गोळा करायच्या. एकही जीव मारावा लागत नाही, मोजणी पक्की होते, आणि हे काम स्थानिक माणसाशिवाय होऊच शकत नाही. काती काडेपेटीत किंवा फिल्मच्या डबीत कोरड्या ठेवा. कापसात ठेवू नका, पायांची नखं अडकून मोडतात.

पाणकिड्यांसाठी इंग्रजी डी अक्षराच्या आकाराचं, अर्ध्या मिलिमीटर छिद्राचं जाळं लागतं. तीन मिनिटांची पद्धत सोपी आहे : जागेत किती प्रकारचे अधिवास आहेत ते मोजा आणि १८० सेकंद त्यांत वाटा. मोकळं पाणी, पाणकणसाची मुळं, बुडालेली हायड्रिला ही पाणवनस्पती आणि चिखलाचा तळ असे चार असतील तर प्रत्येकी ४५ सेकंद. घड्याळ फक्त जाळं पाण्यात असतानाच चालू. वनस्पतींत जाळं खालून वर झटकायचं. तळाशी पायाने चिखल किंचित हलवून वरच्या गढूळ पाण्यातून जाळं दोन-तीनदा फिरवायचं. जाळं तळात खुपसलं तर किलोभर गाळ येतो आणि निवडायला दुपार जाते. तापमान, पीएच, विरघळलेला प्राणवायू हे सगळं पाण्यात पाय टाकण्याआधी मोजा, ढवळलेल्या पाण्याचे आकडे कामाचे नसतात. पेनसारखं पीएच मीटर त्याच सकाळी ७ आणि ४ च्या द्रावणांवर जुळवून घेतलेलं हवं.

जाळं पांढऱ्या, पसरट ट्रेमध्ये रिकामं करा. पाणी दोन सेंटिमीटर, ट्रे सावलीत. दोन मिनिटं हात लावू नका. गाळ बसला की किडे आपोआप हलायला लागतात. आधी शिकारी वेगळे करा : मोठे पाणढेकूण, पाणविंचू, डायटिसिड या पाण्यात बुडी मारणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्या, चतुराच्या मोठ्या अळ्या. हे तिथेच बाकीच्यांना खायला लागतात. यांतले पाणढेकूण, आणि पाठीवर पोहणारे ढेकूणही, चावतात, आणि चांगलंच दुखतं, म्हणून चमचा वापरा. पाठीवर अंड्यांची फरशी घातल्यासारखा दिसणारा चपटा ढेकूण मिळाला तर तो डिप्लोनिकसचा नर. अंडी सांभाळायचं काम या जातींत बापाकडे असतं. त्याची नोंद करा, फोटो घ्या आणि सोडून द्या. टाचणीच्या अळीच्या टोकाला तीन पानांसारखे कल्ले असतात, ते स्पर्शानेही तुटतात आणि ओळख त्यांच्यावरच असते. मऊ ब्रशने उचलून तिला वेगळ्या कुपीत ठेवा. गाळात रक्तासारख्या लाल, सळसळणाऱ्या बारीक अळ्या दिसतील, त्या कायरोनोमिड माश्यांच्या. त्यांचा रंग हिमोग्लोबिनचा. प्राणवायू कमी असलेल्या चिखलात त्या तग धरतात, आणि हिवाळ्यात चिखल टोचत फिरणाऱ्या पक्ष्यांचं बरंचसं पोट त्यांच्यावर भरतं. दुर्बिणी मात्र सगळ्या पक्ष्यांकडेच वळलेल्या असतात.

जतन कशात करायचं ते संशोधक सांगतील, पण बिघडतं कुठे ते तुम्हाला ठाऊक हवं. साध्या अभ्यासाला ७० टक्के इथेनॉल, डीएनएसाठी ९५ टक्के किंवा जास्त. ९५ चं ७० करायचं तर ७० मिलि अल्कोहोल घ्या आणि पाण्याने एकूण ९५ मिलि करा. बाटली किड्यांनी गच्च भरू नका : एक भाग किडे, निदान तीन भाग अल्कोहोल. किड्यांच्या अंगातलं पाणी अल्कोहोल पातळ करतं, म्हणून २४ तासांनी एकदा बदलावंच लागतं. हे विसरलं की महिन्याभरात बाटलीतून वास येतो. हँड सॅनिटायझर चालत नाही, त्यात ग्लिसरीन आणि घट्ट करणारी द्रव्यं असतात. डीएनए काढायचा असेल तर फॉर्मलिन अजिबात नको.

मोठ्या चतुरांचा रंग अल्कोहोलमध्ये जातो. त्यांना कागदी पाकिटात पोट सरळ ठेवून ॲसिटोनमध्ये बुडवतात, टाचण्या रात्रभर आणि मोठे चतुर साधारण दिवसभर. डीएनए हवा असेल तर आधी एक पाय काढून ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवतात. ॲसिटोनला काचेचा किंवा स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा घ्या. पारदर्शक कडक प्लॅस्टिकचे डबे त्यात विरघळतात. हे काम उघड्यावर, चूल-विडीपासून लांब करायचं.

लेबल हा माझ्या मते सगळ्या कामाचा कणा. जाड कागदावर, शिसपेन्सिलीने लिहून, बाटलीच्या आत टाका. बॉलपेन आणि जेलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते, आणि बाहेरून चिकटवलेली पट्टी पहिल्याच ओल्या हाताने सुटते. लेबलवर एवढं हवंच : राज्य, जिल्हा, गाव, काठाचं नेमकं ठिकाण, अक्षांश-रेखांश दशांश अंशात पाच स्थळांपर्यंत, तारीख, सुरू केल्याची वेळ, पद्धत, गोळा करणाऱ्याचं नाव, नमुन्याचा क्रमांक. मोबाइलवर अचूकता पाच मीटरच्या आत येईपर्यंत थांबून मगच आकडे उतरवा.

आकड्यांत आपल्याकडे एक खास घोळ होतो. देवनागरी १ घाईत लिहिला की इंग्रजी नऊसारखा दिसतो, आणि देवनागरी ५ इंग्रजी चारसारखा. एकाच वहीत दोघांनी दोन्ही लिप्यांत आकडे लिहिले की ११ चे ९९ व्हायला वेळ लागत नाही. एक लिपी ठरवा आणि सगळ्यांनी तीच वापरा. तारखेतला महिना अक्षरांत लिहा, म्हणजे ९/१० हा सप्टेंबर की ऑक्टोबर हा वादच नको. संध्याकाळी घरी आल्यावर वहीच्या पानांचे फोटो काढून त्याच दिवशी संशोधकांना पाठवा.

सापळ्यांचं थोडक्यात. पिवळ्या वाडग्यांत पाणी आणि बिनवासाच्या साबणाचे दोन थेंब टाकून ठेवले की माश्या, गांधीलवर्गीय बारीक कीटक त्यात पडतात. ते २४ तासांच्या आत गोळा करा, उन्हाळ्यात त्याआधीच. मॅलेज सापळा म्हणजे जाळीचा तंबू. तो किड्यांच्या जाण्यायेण्याच्या वाटेला आडवा आणि बाटलीचं उंच टोक उजेडाकडे करून लावतात. त्याला खरा धोका शेळ्यांचा आणि दोरी पळवणाऱ्यांचा, म्हणून जागा तुम्हीच सुचवा. प्रकाश सापळा अमावस्येच्या आसपास चांगला चालतो. अभयारण्यात रात्री थांबायची परवानगी परवान्यात स्पष्ट लिहिलेली असेल तरच त्याचा विचार करा.

सुरक्षेत तडजोड नको. एकट्याने पाण्यात उतरू नका, आणि गुडघ्याच्या वर पाणी असेल तिथे नाहीच. पुढचं पाऊल टाकण्याआधी बांबूने तळ बघा. जलपर्णीच्या गालिच्याखाली किती खोल आहे ते वरून कळत नाही. विसर्गाची सूचना असेल त्या दिवशी काम रद्द. पायावर उघडी जखम असेल तर काठावरच थांबा. गुरं-उंदरांच्या मुतातून पाण्यात लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचे, जंतू येतात. पाण्यात उतरल्यानंतर काही दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना पाणथळीत गेल्याचं आवर्जून सांगा. बांधाच्या गवतात घोणस असते, म्हणून गमबूट आणि हातात काठी. १०८ ची रुग्णवाहिका कुठल्या रस्त्याने काठापर्यंत येऊ शकते, ते आधीच बघून ठेवा. एका पाणवठ्यावरून दुसऱ्यावर जाताना जाळी आणि बूट घासून, उन्हात पूर्ण वाळवा, नाहीतर जलपर्णीचे तुकडे आणि गोगलगायीची अंडी तुमच्याबरोबर प्रवास करतात. ऑक्टोबरनंतर बदकांचे थवे बसलेल्या काठावरून गणनेचा मार्ग नेऊ नका. संशोधकांनी नकाशावर तसा आखला असेल तर सांगा. कुठला काठ पक्ष्यांचा, ते तुम्हाला जास्त ठाऊक आहे.

काम सुरू होण्याआधी संशोधकांकडून काही गोष्टी लेखी घ्या. दिवसाचं मानधन किंवा प्रवासखर्च किती, अपघात विमा कोणाचा, नमुने शेवटी कुठल्या संग्रहात जाणार, तुमच्या रोजनिशीतली माहिती वापरल्यास नाव कसं येणार, आणि जातींची यादी गावाला मराठीत कधी मिळणार. यातलं मानधन आणि विमा पहिल्याच बैठकीत, बाकीचं पहिली बाटली त्यांच्या हाती देण्याआधी.